रतीब, खाडा आणि ई-रुपया

मराठी मध्यमवर्गीय घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेला तिथी-वार आणि सणवार सांगण्यापलीकडे आणखी एक काम असे. ते म्हणजे दुधाचा हिशेब. तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने ‘१’ किंवा ‘१॥’ असा आकडा लिहिलेला असायचा. पाहुणे आले की तिथे ‘२’ होई आणि मंडळी गावी गेली की फुली पडे. त्या फुलीला ‘खाडा’ म्हणत. महिना सरला की दूधवाला दारात उभा राही, घरची गृहिणी दिनदर्शिका खाली उतरवून खाडे वजा करी आणि मगच पैसे त्याच्या हातात पडत. कधी एखाद्या खाड्यावरून दोन मिनिटे हुज्जत होई, पण व्यवहार मोडत नसे. वृत्तपत्राचा रतीब, देवाच्या फुलांचा पुडा, इस्त्रीचे कपडे हे सारे याच नियमाने चाले. वस्तू आधी, पैसे मागाहून. आणि हिशेबाची नोंद पैसे देणाऱ्याच्या भिंतीवर.

साप्ताहिकांची वर्गणी आगाऊ घेतली जाते, हे खरे. परंतु तिथेही वर्ष संपत आले की ‘आपली वर्गणी समाप्त होत आहे’ असे पत्र यायचे, किंवा ओळखीचा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन घरी यायचा. चहा व्हायचा, मागील अंकातील एखाद्या लेखावर बोलणे व्हायचे आणि मग नवी पावती फाटायची. वाचकाने पैसे दिले नाहीत तर अंक थांबायचा. म्हणजे दर वर्षी एकदा तरी वाचकाला ‘हे मला हवे आहे काय?’ असा विचार करण्याची संधी मिळायची आणि त्याचे मौन हा नकार समजला जायचा.

आज नेमके याच्या उलट झाले आहे. आता मौन ही संमती समजली जाते. चित्रपट-मालिकांचे ॲप, संगीताचे ॲप, मुलांच्या अभ्यासाचे ॲप, भ्रमणध्वनीतील छायाचित्रे साठवण्याची जागा, व्यायामशाळा, विषाणूरोधक सॉफ्टवेअर अशा डझनभर ठिकाणी एकदा होकार दिला की महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप वळते होतात. पहिला महिना विनामूल्य असतो. दुसऱ्या महिन्यापासून काय घडणार, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. विम्याचा हप्ता, गृहकर्ज, एसआयपी यांसारख्या उपयुक्त गोष्टीही याच मार्गाने भरल्या जातात. त्यामुळे ही सोय वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. हप्ता चुकून विमा रद्द झालेली घरे आपण पाहिली आहेत. प्रश्न सोयीचा नाही. पैसे ‘देणे’ आणि पैसे ‘काढून घेऊ देणे’ या दोन क्रिया व्याकरणातही वेगळ्या आहेत आणि व्यवहारातही. पहिलीत कर्ता आपण असतो. दुसरीत कर्ता समोरचा असतो आणि आपण केवळ परवानगी देऊन बाजूला झालेलो असतो.

डिजिटल चलनाचे युग दाराशी आले असताना हा भेद नीट समजून घेणे आवश्यक झाले आहे. कारण आवर्ती देयकांची, म्हणजे ठरावीक काळाने पुनःपुन्हा होणाऱ्या वजावटीची व्यवस्था या नव्या चलनात कशी बांधली जाते, यावर पुढील पिढीच्या घरखर्चाची किल्ली कोणाच्या कमरेला राहणार, हे ठरणार आहे.

आपल्या देशाने या विषयात एक महत्त्वाचे पाऊल याआधीच उचललेले आहे आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. बँक खात्यातून परस्पर वजावट करण्याची ‘ईसीएस’ पद्धत आपल्याकडे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आली. पुढे तिची जागा राष्ट्रीय देयक महामंडळाच्या ‘नाच’ या व्यवस्थेने घेतली. कार्डावरील वजावटीला मात्र फारसा लगाम नव्हता. कार्डाचा क्रमांक एकदा विक्रेत्याकडे गेला की तो दर महिन्याला आपल्या मर्जीने रक्कम उचलू शके. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ रोजी परिपत्रक काढून याला नियमांची चौकट घातली. नोंदणी करताना ग्राहकाची अतिरिक्त पडताळणी झालीच पाहिजे. प्रत्येक वजावटीच्या किमान चोवीस तास आधी विक्रेत्याचे नाव, रक्कम आणि तारीख कळवलीच पाहिजे. त्या सूचनेतूनच ती एक वजावट किंवा संपूर्ण आदेश रद्द करण्याची सोय असलीच पाहिजे. आणि या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता कामा नये. रक्कम बदलती असेल, तर तिची कमाल मर्यादा ग्राहकाने ठरवायची. प्रत्येक वेळी पडताळणी न करता वजावट करण्याची मर्यादा आरंभी दोन हजार रुपये होती. पुढे ती पाच हजार आणि जून २०२२ मध्ये पंधरा हजार रुपये झाली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विमा आणि क्रेडिट कार्डाचे देयक यांसाठी ती एक लाखापर्यंत नेण्यात आली.

या नियमांवर त्या वेळी केवढा गहजब झाला होता, हे अनेकांना स्मरत असेल. ३१ मार्च २०२१ ही मुदत आली तरी बँका आणि बड्या कंपन्या यांची तयारी झालेली नव्हती. रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांची वाढीव मुदत द्यावी लागली आणि ती देताना पुन्हा दिरंगाई झाल्यास कठोर कारवाई करू, असे सुनवावेही लागले. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू झाले तेव्हा अनेकांच्या वजावटी अडल्या, परदेशी सेवांची देयके थांबली. ॲपलसारख्या कंपनीने २०२२ साली भारतातील ग्राहकांकडून कार्डाने पैसे घेणेच बंद केले. ‘सारे जग एका रीतीने चालते, मग भारतानेच निराळी वाट का धरावी?’ असा सूर इंग्रजी वृत्तपत्रांतून उमटत होता.

त्या जगाचीच पुढे काय अवस्था झाली, तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध दावा दाखल केला. ग्राहकांना नकळत ‘प्राइम’चे सभासद करून घेतले जाते आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम लांबलचक ठेवली जाते, असा तो आरोप होता. सभासदत्व रद्द करण्याच्या त्या प्रक्रियेला कंपनीच्या आत ‘इलियड’ असे नाव होते, असे आयोगाने आपल्या तक्रारीत नमूद केले. होमरचे ते महाकाव्य दहा वर्षे चाललेल्या ट्रॉयच्या युद्धासंबंधीचे. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. सभासदत्व घेणे जितके सोपे तितकेच ते सोडणेही सोपे असावे, असा सर्वसाधारण नियम त्याच आयोगाने २०२४ साली केला होता. पण जुलै २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने कार्यपद्धतीतील उणिवेवर बोट ठेवून तो रद्द ठरवला. आपल्याकडे मात्र ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकवणाऱ्या ज्या तेरा क्लृप्त्या निषिद्ध ठरवल्या, त्यांत वर्गणीचा हा सापळाही स्पष्ट शब्दांत आहे. सारे जग करते ते योग्यच असते, असे मानण्याची सवय आपण आता सोडायला हरकत नाही.

तथापि आपल्या व्यवस्थेत उणिवा नाहीत, असे नव्हे. चोवीस तास आधी येणारा संदेश जाहिरातींच्या, कर्जाच्या आमिषांच्या आणि ओटीपींच्या ढिगाऱ्यात येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो. विक्रेत्याचे नाव म्हणून त्यात जे छापलेले असते, ते पुष्कळदा आपण घेतलेल्या सेवेचे नसून तिच्या मागील कुठल्या तरी कंपनीचे असते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, नातवाने कधी काळी भ्रमणध्वनीवर काही दाबून ठेवलेल्या आजोबांना त्यातून काय बोध व्हावा? आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. देण्यापोटी दिलेली इलेक्ट्रॉनिक वजावट खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेली, तर २००७ च्या देयक व तडजोड प्रणाली कायद्याच्या कलम २५ खाली तो धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. बोटाच्या एका स्पर्शाने दिलेल्या परवानगीमागे एवढा भार असतो.

आता डिजिटल चलनाकडे वळू. ‘डिजिटल चलन’ या एका शब्दाखाली तीन अगदी निरनिराळ्या वस्तू आज बाजारात आहेत आणि त्यांची गल्लत करणे घातक आहे.

पहिली वस्तू म्हणजे बिटकॉइन आणि तिची भावंडे. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधातून ही कल्पना पुढे आली. तिच्या गुणदोषांची चर्चा येथे नको. पण एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार बोलकी आहे. बिटकॉइनच्या मूळ रचनेत कोणीही कोणाच्या खिशातून पैसे काढून घेऊ शकत नाही. प्रत्येक वेळी मालकाने स्वतःच्या गुप्त किल्लीने सही करायची, तेव्हाच नाणे हलते. रोख पैशाचा हा गुणधर्म तिथे जसाच्या तसा उतरला आहे. साहजिकच महिन्याची वर्गणी आपोआप घ्यायची तर कशी, हा प्रश्न तेथे पहिल्यापासून उभा राहिला. त्यावर दोन तोडगे निघाले. एक, किल्ली तिसऱ्याच कंपनीच्या हाती सोपवायची. म्हणजे ज्या मध्यस्थाला टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच पुन्हा घरात घ्यायचे. दुसरा तोडगा इथेरियमसारख्या व्यवस्थांत रूढ झाला. आपल्या खात्यातून अमुक रकमेपर्यंत उचल करण्याची परवानगी एका संगणकीय कराराला देऊन ठेवायची. पुनःपुन्हा परवानगी मागण्याचा त्रास नको म्हणून अनेक ॲप ही मर्यादा अमर्याद ठेवून घेऊ लागली. सोयीपोटी सही केलेला कोरा धनादेशच तो! डिसेंबर २०२१ मध्ये ‘बॅजर डीएओ’ या व्यवस्थेच्या संकेतस्थळात चोरांनी शिरकाव केला आणि वापरकर्त्यांकडून नकळत अशाच परवानग्या मिळवून सुमारे बारा कोटी डॉलरची मालमत्ता लंपास केली. तिजोरी कोणी फोडली नव्हती. मालकांनीच किल्ल्या दिल्या होत्या.

शिवाय ज्या नाण्याचे मोल सकाळ-संध्याकाळ बदलते, त्यात दरमहाची वर्गणी ठरवायची कशी? देयकांच्या क्षेत्रातील ‘स्ट्राइप’ या बड्या कंपनीने २०१४ पासून बिटकॉइन स्वीकारून पाहिले आणि २०१८ साली ते थांबवले. व्यवहार पुरा व्हायला लागणारा वेळ आणि त्याचे वाढते शुल्क ही कारणे होती.

दुसरी वस्तू याच अडचणीतून जन्मली. तिचे नाव स्टेबलकॉइन. एका नाण्यामागे एक डॉलर ठेवला आहे, असे आश्वासन देणारे हे खासगी कंपन्यांचे नाणे. त्याचे मोल स्थिर असल्याने वर्गणीला ते सोयीचे. म्हणूनच त्याच स्ट्राइप कंपनीने २०२५ साली स्टेबलकॉइनमधून आवर्ती वर्गणी घेण्याची सोय व्यापाऱ्यांना देऊ केली. ही बातमी आपल्याकडे अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात गेली असेल, परंतु तिचा अर्थ मोठा आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्यानुसार अशा नाण्यांमागे रोख डॉलर किंवा अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे यांसारखीच मालमत्ता ठेवावी लागते. म्हणजे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील माणसाने आपली मासिक वर्गणी भरण्यासाठी खिशात शंभर डॉलरची नाणी बाळगली, तर तो अप्रत्यक्षपणे अमेरिकी तिजोरीला कर्ज देत असतो आणि त्याचे व्याज नाणे काढणारी कंपनी खात असते.

येथे स्वदेशीचा प्रश्न निव्वळ भावनेचा राहत नाही. पुण्या-बंगळुरूचा तरुण अभियंता सॉफ्टवेअरची साधने, शिक्षणाचे वर्ग, खेळ यांच्या वर्गण्या आजही डॉलरच्या भावाने भरतो. पण त्या बँकेमार्फत, रुपयातून आणि रिझर्व्ह बँकेच्या चोवीस तासांच्या नियमाखाली भरतो. उद्या त्याच वर्गण्या डॉलरच्या नाण्यांत परस्पर वळत्या होऊ लागल्या, तर तो नियम त्यांना लावणार कोण? तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? आपल्याकडे अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून हस्तांतरावर एक टक्का करकपातही आहे. त्यामुळे हा ओघ सध्या बिकट आहे. पण कराचा बांध म्हणजे पर्याय नव्हे. लोकांना चांगला पर्याय दिला नाही, तर पाणी बांधाला वळसा घालून जाते.

तिसरी वस्तू हाच तो पर्याय ठरू शकते. ती म्हणजे ई-रुपया. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक अधिनियमात दुरुस्ती होऊन डिजिटल स्वरूपातील नोटेलाही ‘बँक नोट’ ठरवण्यात आले. किरकोळ वापराचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर येथे सुरू झाला. यूपीआयने पैसे दिले की बँकेतील खात्यातून रक्कम जाते, म्हणजे ती बँकेने आपल्याला देणे असलेली रक्कम असते. ई-रुपया ही मात्र खुद्द रिझर्व्ह बँकेची नोटच. फक्त ती कागदाऐवजी भ्रमणध्वनीतील पाकिटात राहते. तिच्यावर व्याज नाही, जसे घरातील नोटेवर नसते.

मार्च २०२५ अखेर सुमारे १,०१६ कोटी ई-रुपये चलनात होते. त्याच वेळी कागदी नोटा होत्या सुमारे ३७ लाख कोटींच्या. प्रमाण नगण्य आहे, हे कबूल केले पाहिजे. त्याचे कारणही उघड आहे. भाजीवाल्याकडचा तोच क्यूआर फलक, तशीच कृती, तसाच परिणाम. मग यूपीआय हाताशी असताना दुसरे पाकीट कोणी का बाळगावे? ई-रुपयाला यूपीआयची नक्कल करून चालणार नाही. यूपीआयला जे साधत नाही ते त्याने करून दाखवले पाहिजे, आणि आवर्ती देयक हे अशा कामांपैकी अग्रक्रमाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ई-रुपयात ‘प्रोग्रॅमेबिलिटी’ आणण्याचे जाहीर केले. याचा साधा अर्थ असा की, पैशालाच अट जोडता येते. स्टेट बँकेने ओडिशा व आंध्र प्रदेशातील काही भागांत कुळाने शेती करणाऱ्यांना दिलेले साहाय्य बियाणे-खतांसारख्या शेतीच्या निविष्ठांवरच खर्च व्हावे, असा प्रयोग केला. जमिनीचा कागद नावावर नसल्याने एरवी कर्ज नाकारल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला यातून मार्ग मिळतो, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु या प्रयोगात अट घालणारा देणारा आहे. बँक किंवा शासन. आपल्या विषयात अट घालणारा खुद्द पैशाचा मालक असला पाहिजे. गृहिणीने पाकिटात वेगळा कप्पा करावा, त्यात महिन्याचे नऊशे रुपये ठेवावेत आणि अट घालावी, ‘रोज तीस रुपये, दूध पोचल्याची नोंद झाल्यावरच.’ विक्रेत्याला रक्कम राखून ठेवलेली दिसेल, म्हणून त्याला बुडण्याची धास्ती नाही. पण ती अजून त्याची झालेली नाही, म्हणून ग्राहकालाही फसण्याची धास्ती नाही. तोवर पैसे दोघांपैकी कोणाच्याही बँकेत नसून मालकिणीच्याच पाकिटात आहेत.

ही कल्पना हवेतील नाही. चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलन संस्थेने २०२२ साली आगाऊ भरलेल्या शुल्कासाठी अशीच रचना पुढे आणली. तेथे व्यायामशाळा व शिकवणी वर्ग वर्षाचे पैसे आधी घेऊन मधेच गाशा गुंडाळतात, ही जुनी तक्रार आहे. नव्या रचनेत ग्राहकाने भरलेली रक्कम डिजिटल युआनच्या पाकिटात अडवून ठेवली जाते आणि एकेक तास झाला की तेवढीच व्यापाऱ्याकडे जाते. चीनशी आपले हजार मतभेद असतील आणि तिथल्या शासनाच्या हाती नागरिकाच्या व्यवहाराची जी दोरी आहे ती आपल्याला मुळीच नको. पण युक्ती कोणाची आहे यावरून ती नाकारण्याइतके आपण दुबळे नाही. आपल्याकडेही २०२५ च्या जानेवारीत एका नामवंत शिकवणी संस्थेची उत्तर भारतातील अनेक केंद्रे अचानक बंद पडली आणि परीक्षेच्या तोंडावर पालकांचे लाखो रुपयांचे शुल्क अडकले. ज्या घराने आईचे दागिने मोडून ते शुल्क भरले असेल, त्याला ‘दिवाणी दावा करा’ असे सांगणे ही क्रूर चेष्टा आहे.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते गंभीर आहेत. पैशाला अट जोडता येते म्हटल्यावर उद्या ती अट शासनाने घातली तर? अमुक दुकानात चालेल, तमुकात नाही. अमुक तारखेनंतर बाद. चलन हे राष्ट्राचे असते, पण खिशातील नोट नागरिकाची असते. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सरकार कोणाचेही असो, सत्तेच्या हाती नागरिकाच्या पाकिटाची कळ जाता कामा नये. म्हणून मालकाने घातलेली अट आणि दुसऱ्याने घातलेली अट यांतील सीमारेषा परिपत्रकात नव्हे, कायद्यात लिहिली गेली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मधील संकल्पना टिपणात लहान रकमेच्या व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता राहावी, असे म्हटले आहे. पण दरमहा एकाच विक्रेत्याकडे जाणाऱ्या रकमेतून माणसाचे आजारपण, त्याचे वाचन, त्याचे दान हे सारे उलगडते. एकेक व्यवहारापेक्षा आवर्ती व्यवहार अधिक बोलतो, हे येथे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप व्याजाचा. वर्षाची रक्कम ई-रुपयात अडवून ठेवली तर तेवढ्या व्याजाला मुकावे लागेल. हे बरोबर आहे, आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. कप्प्यात एका वेळी एका महिन्यापेक्षा अधिक रक्कम ठेवण्याची सक्ती कोणत्याही विक्रेत्याला करता येऊ नये.

तिसरा आक्षेप व्यापारी घेतील. ग्राहक विसरतो, यावरच आमचा अर्धा धंदा चालतो, असे ते उघड म्हणणार नाहीत. ‘ग्राहकाला अखंड सेवा मिळावी’ असे म्हणतील. या आक्षेपाला उत्तर देण्याची आवश्यकता वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या घरचीच बोलली पाहिजे. वनवासी भागातील वसतिगृहे, रुग्णसेवेची केंद्रे, एकशिक्षकी शाळा ही कामे मोठ्या देणग्यांपेक्षा दरमहा येणाऱ्या शंभर-दोनशे रुपयांवर अधिक भक्कमपणे उभी राहतात. दरमहाचे धान्य आणि कार्यकर्त्याचे मानधन यांना वर्षातून एकदा येणाऱ्या निधीचा भरवसा पुरत नाही. त्यामुळे सेवाकार्ये चालवणाऱ्या संस्थांनीही स्वयंचलित देणगीचा मार्ग स्वीकारला आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या कसोटीवर आपण चित्रपटांच्या ॲपला तपासतो, तीच कसोटी येथेही लागू आहे. देणगीदार निवृत्त झाला, आजारी पडला, त्याचे निधन झाले, तरी वजावट सुरूच आहे, असे दृश्य सेवेच्या कामाला शोभणारे नाही. वर्षातून एकदा कार्यकर्त्याने त्या घरी जावे, वर्षभरात काय झाले ते सांगावे आणि पुढील वर्षासाठी नवी संमती मागावी. काही नावे गळतील. पण पावतीपुस्तक घेऊन फिरण्याने जो संपर्क होत असे, तो ऑटोपेने संपवला आहे, ही हानी गळणाऱ्या रकमेपेक्षा मोठी आहे. घरोघर जाऊन चहा न घेता जमलेला पैसा मोजायला सोपा असतो, एवढेच.

रिझर्व्ह बँकेकडे मागणी करायची तर ती नेमकी असावी. ई-रुपयातील आवर्ती देयकात पैसे ओढण्याचा अधिकार विक्रेत्याला नसावा. मालकाच्या पाकिटातून मालकाच्या अटीवर ते बाहेर पडावेत. अमर्याद मुदतीची परवानगी देण्याची सोयच ठेवू नये. बारा महिन्यांनी ती आपोआप संपावी आणि नव्याने मागावी लागावी. सूचना ग्राहकाच्या भाषेत यावी, मराठी माणसाला मराठीत, आणि तिच्यात कंपनीचे कायदेशीर नाव नव्हे, तर सेवेचे ओळखीचे नाव असावे. चालू असलेल्या सगळ्या वर्गण्या एका पानावर दिसाव्यात आणि प्रत्येकीसमोर थांबवण्याची कळ असावी. साध्या भ्रमणध्वनीवर चालणारी व्यवस्था असेल तरच ती कोकणातील आजीपर्यंत पोचेल.

आणि प्रयोगासाठी परदेशी चित्रपटांचे ॲप न निवडता दुधाचा रतीबच निवडावा. मुंबई हे ई-रुपयाच्या पहिल्या चार शहरांपैकी एक आहे. राज्यात सहकारी दूध संघांचे जाळे आहे. रोज पहाटे दार वाजवणारा माणूस ओळखीचा आहे आणि रक्कम लहान आहे, म्हणजे चूक झाली तरी कोणी बुडणार नाही. रात्री नऊपर्यंत गृहिणीने पाकिटातील त्या तारखेवर बोट ठेवून खाडा मांडला की दुसऱ्या दिवसाचे तीस रुपये तिच्याकडेच राहावेत आणि दूधवाल्याला पहाटे निघण्यापूर्वी ते कळावे. पाहुणे येणार असतील तर त्याच चौकोनात ‘२’ लिहिता यावे.